निजवलेले कुंपण



आजचा विषय कुंपणाचा आहे. विषय ऐकून तुमच्यातले काही जण हसतील. कुंपणात शिकण्यासारखे ते काय, म्हणतील. बाभळीचे काटे तोडले, बांधावर ओढत आणले, खुंट ठोकले, काटे रचले, झाले कुंपण! पेरणी झाली की हे काम ठरलेले. पुढच्या वर्षी पुन्हा हेच काम, हेही ठरलेले. कारण तोवर निम्मे काटे वाळवीने खाल्लेले असतात. काही वाऱ्याने उडून दुसऱ्याच्या शेतात गेलेले असतात. आणि उरलेले कोणाच्या तरी चुलीत गेलेले असतात. ते कोणाच्या, हे आपल्याला ठाऊक असते, पण बोलायची सोय नसते.

म्हणजे आपले हे काट्यांचे कुंपण मेलेले कुंपण आहे. तोडलेल्या लाकडाचे आयुष्य ते किती असणार? आज आम्ही तुम्हाला जिवंत कुंपणाची माहिती सांगणार आहोत. माहिती फार लांबची आहे, इंग्लंड देशातली. तिथे शेताच्या कडेला वाढलेली झाडेच खाली वाकवून, आडवी निजवून कुंपण करतात. झाड अर्धेअधिक तोडायचे, पण मारायचे नाही, अशी ती रीत आहे. हे काम तिथे शेकडो वर्षे चालत आले आहे, आणि ते हातानेच करतात. मुख्य हत्यार कोणते म्हणाल, तर कोयता.

आता कोणी म्हणेल, इंग्लंडातले कुंपण आम्हाला काय कामाचे? ऐकून तर घ्या. कोयता आपल्याही ओळखीचा आहे आणि काटाही. शिवाय ह्या गोष्टीच्या पोटात एक भांडण आहे, तेही ओळखीचे निघेल.

आधी तिथली शेती कशी आहे ते सांगतो. तिथे आपल्यासारखा चारच महिने पाऊस पडत नाही. वर्षभर थोडा थोडा पडत असतो. त्यामुळे गवत पुष्कळ. शेतकरी मेंढ्या आणि गुरे पाळतात, पण त्यांच्यामागे काठी घेऊन दिवसभर कोणी हिंडत नाही. कुरणाला चारी बाजूंनी कुंपण केले की जनावरे आत सोडून द्यायची. तिथे कुंपण हाच गुराखी. त्याला एक भोक पडले की मेंढी शेजारच्या गव्हात. आणि एक मेंढी गेली की तिच्यामागे सगळा कळप जातो, हे काय मेंढपाळाला सांगायला पाहिजे?

कुंपणाला लावतात ते झाड बहुतेक हॉथॉर्नचे. हे काटेरी झाड आहे. मे महिन्यात त्याला पांढरी फुले येतात आणि पुढे बोरांहून लहान अशी लाल फळे धरतात. त्याच्या जोडीला ब्लॅकथॉर्न असते, ते त्याहून दुष्ट काट्याचे. मधूनमधून हेझल असते. त्याला काटा नाही, पण त्याच्या काठ्या सरळ, लांब आणि लवचीक. त्यांचे काम पुढे येईल. जुन्या इंग्रजीत 'क्विक' ह्या शब्दाचा अर्थ होता जिवंत. म्हणून हॉथॉर्नची रोपे लावून केलेल्या कुंपणाला तिकडे अजून क्विकसेट म्हणतात, म्हणजे जिवंत लावलेले.

रोपे एका ओळीत दाट लावली की आठ-दहा वर्षांत पुरुषभराहून उंच होतात. मग कुंपण झालेच की! पण इथेच अडचण सुरू होते. झाडाची ओढ उजेडाकडे. पाने, फांद्या, काटे, सगळे वर वर चढत जाते आणि बुडाशी नुसती खोडे राहतात. वरून बघाल तर हिरवीगार भिंत, आणि खालून कोकरू खुशाल ये-जा करते. मोठ्या माणसांचा कडक बंदोबस्त आणि पोरे टेबलाखालून पसार, तसे! शेंडे छाटून हे भागत नाही. शेंडा छाटला तर शेंड्याशीच दाटी होते. बुडाशी फुटवा हवा असेल तर बुडाशीच घाव घालावा लागतो.

हे काम थंडीत करतात, ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत. तेव्हा तिथल्या झाडांची पाने झडलेली असतात. झाड झोपलेले असते म्हणा ना. पाखरांची घरटीही रिकामी असतात. कामकरी आधी कुंपण साफ करतो. वेली, काटेरी झुडुपे, मेलेल्या फांद्या, सगळे काढून टाकतो आणि एकेक खोड उघडे करतो. कोणते राखायचे, कोणते काढायचे, हे तो तेव्हाच ठरवतो. अनुभवी माणूस इथे वेळ घालवतो. नवखा लगेच कोयता उगारतो.

मग खोडाला घाव. घाव आडवा नाही, तिरपा, वरून खाली. जमिनीपासून थोड्याच उंचीवर सुरू करून खाली जमिनीकडे कापत न्यायचे. कापता कापता खोड जवळजवळ सगळे कापले जाते. राहते ती एका बाजूची साल आणि तिच्या आतले थोडे ओले लाकूड. जिभेसारखी एक पातळ पट्टी. आता खोड हाताने हळूच लवायचे. पट्टी वाकते आणि सबंध झाड तिरपे खाली निजते. असे निजवलेले खोड ते प्लीचर.

ही माहिती आम्ही वर्गात पहिल्यांदा सांगितली तेव्हा एका मावशींनी मधेच थांबवले. "अहो, एवढं कापल्यावर झाड जगंल कसं?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर असे आहे. झाडाचा सगळा कारभार सालीलगत चालतो. मुळांनी ओढलेले पाणी सालीच्या आतल्या ताज्या लाकडातून वर जाते. पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली उतरते. खोडाचा मधला गाभा नुसता आधाराला असतो. जुने झाड आतून पोकळ झाले तरी वर्षानुवर्षे पालवते, ते तुम्ही पाहिलेच आहे. म्हणून एका बाजूची साल आणि थोडे लाकूड अखंड राहिले तर झाड जगते. ती पट्टी म्हणजे त्याची नाळ. नाळ जाड राहिली तर खोड वाकत नाही, मधेच काडकन मोडते. फार पातळ केली तर तुटते. ती किती राखायची, हे ओळखण्यातच ह्या कामाची सगळी विद्या आहे.

ही विद्या सोपी नाही, हे आम्ही अंगावर घेऊन सांगतो. आमच्या वर्गामागच्या परसात कडेला गिरिपुष्पाची ओळ आहे. हे झाडही मूळचे परदेशी, पण आपल्याकडे बांधावर कुंपणाला पुष्कळ लावतात. फांदी खोचली की रुजते. माहिती वाचली आणि आम्हाला हुरूप आला. जून महिना होता. घरातला जुना कोयता घेतला, आणि त्याला धार आहे की नाही हेही पाहिले नाही. पाच खोडांना घाव घातले. पहिले खोड तर आम्ही तोडले की चेचले, हे सांगता येणार नाही. साल चिंध्यांसारखी लोंबत राहिली. दुसरे साफ तुटून हातात आले. तिसरे वाकवताना उभे चिरले. मग एक शेजारी आले. त्यांनी कोयत्यावरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता तो दगडावर पाजवायला बसले. उरलेली दोन खोडे त्यांनी निजवली. आमच्या तीन काड्या वाळल्या. त्यांच्या दोन पावसात फुटल्या.

तर आता हत्यारांकडे वळू.

इंग्लंडातल्या ह्या कोयत्याला बिलहूक म्हणतात. पाते वीतभर किंवा थोडे जास्त लांब, पुढचे टोक आत वळलेले. आपल्या कोकणात कंबरेच्या आकडीत अडकवून नेतात त्या कोयत्याचा हा भाऊबंदच. टोकाचा बाक नुसता शोभेला नाही. बाकाने फांदी ओढून जवळ घेता येते. घाव सटकत नाही, ओढून कापला जातो. आणि पाते खाली आले तर नाजूक टोक आधी दगडावर आपटत नाही.

गंमत अशी, की ह्या हत्याराचा एकच एक घाट नाही. प्रत्येक मुलखाचा वेगळा. यॉर्कशायर भागातला बिलहूक लांब दांड्याचा, दोन हातांनी धरायचा. त्याला पुढून बाकदार धार आणि पाठीलाही सरळ धार. बाकाने झाड कापायचे, पाठीने खुंट तासायचे. लेस्टरशायरचा वेगळा. वेल्स देशातल्या लँडायलो आणि नाइटन ह्या गावांच्या नावांचे वेगळे. असे का झाले? तर पूर्वी हत्यार गावचा लोहार करी. त्या भागात झाडे कोणती, लाकूड किती कठीण, तिथला कामकरी उभा राहून घाव घालतो की वाकून, हे सगळे त्याला ठाऊक. पुढे शेफील्डसारख्या शहरांतल्या कारखान्यांत ही हत्यारे होऊ लागली, तेव्हा गिऱ्हाइकाने आपल्या मुलखाचाच घाट मागितला. म्हणून कारखान्यांनाही शेकडो घाट करावे लागले. आपल्याकडे तरी काय आहे? नारळाचा कोयता उसाला चालत नाही. उसाचा घेऊन माडावर कोणी चढत नाही.

काही बिलहूकांना धार एकाच बाजूने लावलेली असते, रंध्याच्या पात्यासारखी. डावखोऱ्या माणसाला असले हत्यार उलट्या धारेचे घ्यावे लागते. मूठ बहुधा ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची. हे लाकूड चिवट, हाताला झिणझिण्या कमी येतात. मुठीच्या टोकाला फुगवटा ठेवतात, म्हणजे हात घामाने ओला झाला तरी हत्यार निसटत नाही.

बाकी सरंजाम थोडाच. जाड खोडांना कुऱ्हाड. लांबच्या काटेरी फांद्या उडवायला लांब दांड्याचे पाते. खुंट ठोकायला लाकडी मोगरी. डाव्या हातात कोपरापर्यंत जाड चामड्याचा मोजा, कारण डावा हात काट्यात असतो. आणि खिशात धारेचा दगड. हा दगड विसरला तर बाकीचे सगळे घरीच ठेवावे. बोथट हत्यार उसळते आणि पायावर येते. धारदार हत्यार जिथे घातले तिथे शिरते. धारेला भिणारा माणूस जास्त जखमी होतो, हे आम्ही त्या शेजाऱ्यांकडून शिकलो.

खोड निजवल्यावर मागे बुडखा राहतो. तो ओबडधोबड ठेवत नाहीत. जमिनीलगत तिरपा आणि गुळगुळीत कापतात. तिरपा अशासाठी, की त्यावर पाणी साचून तो कुजू नये. पुढचे खरे कुंपण ह्याच बुडख्यातून येणार असते. जमीन चढाची असेल तर खोडे चढाच्या दिशेने निजवतात. शेंडा बुडख्याच्या खाली गेलेला चालत नाही.

एकामागे एक खोडे अशी तिरपी निजवत गेले की त्यांच्यामध्ये खुंट ठोकतात. दोन खुंटांत अंतर किती? तिथला कामकरी मोजपट्टी काढत नाही. कोपर एका खुंटाला लावतो, आणि बोटांची टोके जिथे पोचतील तिथे दुसरा खुंट. म्हणजे आपला एक हात! आपल्या आज्यांनी लुगडे मोजले ते ह्याच मापाने. इंचांत म्हणाल तर १८ इंच.

मग हेझलच्या लांब काठ्या घेतात. त्या खुंटांच्या माथ्यांमधून एकमेकींना पीळ देत, दोर वळावा तशा गुंफत नेतात. आपल्याकडे कूड विणतात किंवा टोपलीचा काठ बांधतात, ते डोळ्यांपुढे आणा. हा पीळ मोगरीने ठोकून घट्ट बसवायचा आणि खुंटांची वरची टोके एका रेषेत छाटायची. खिळा नाही, तार नाही. दोन-चार वर्षांत खुंट आणि काठ्या कुजतात. कुजोत बापडे, तोवर जिवंत लाकडाने त्यांचे काम उचललेले असते.

एका दिवसात चांगला माणूस एक साखळी कुंपण करतो, असा तिथला जुना हिशेब आहे. तिथली साखळी ६६ फुटांची. आपल्या गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे गुंठ्याच्या दोन बाजू झाल्या. थंडीत, वाकून, काट्यात हात घालून दिवसभरात एवढेच. कामकऱ्याची मजुरी त्यावर ठरे.

वसंत आला की बुडख्यातून सरळ नवे धुमारे येतात. निजलेल्या खोडांवरही ओळीने डोळे फुटतात. आडव्या खोडांमधून उभे धुमारे, ताण्यात बाणा भरावा तसे! मग कोकरू काय, मांजरही नीट शिरत नाही. असे कुंपण पंधरा-वीस वर्षे टिकते. पुढे पुन्हा उंच आणि पोकळ होऊ लागले की पुन्हा निजवायचे. मुळे तीच. बापाने निजवलेले कुंपण मुलगा निजवतो.

मुलखागणिक रीतही बदलते. जिथे जड बैल असतात, तिथे खुंट भक्कम आणि काटेरी फांद्या बैलांच्या बाजूला बाहेर काढलेल्या, म्हणजे त्यांनी अंग घासू नये. डेव्हन भागात आधी माती-दगडांचा उंच बांध घालतात आणि खोडे त्याच्या माथ्यावर जवळजवळ सपाट निजवून बेचक्याच्या खुंट्यांनी दाबून ठेवतात.

इथवर सगळे छान झाले. आता त्या मावशींचा दुसरा प्रश्न सांगतो. त्यांना जमीन नाही. चार शेळ्या आहेत, त्यांच्यावर घर चालते. त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी असं पक्कं कुंपण केलं, तर माझ्या शेळ्या कुठं चरायच्या?"

वर्ग गप्प झाला. आम्हीही गप्प झालो. घरी जाऊन पुन्हा वाचले, तेव्हा कळले की हाच प्रश्न इंग्लंडातल्या गोरगरिबांनी चारशे वर्षांपूर्वी विचारला होता, आणि त्यात माणसे मेली होती.

झाडे कापून वाकवायची युक्ती फार जुनी. इसवी सन पूर्व ५७ साली रोमन सेनापती ज्यूलियस सीझर आजच्या बेल्जियमच्या भागात लढायला गेला. तिथल्या नर्व्ही नावाच्या लोकांनी कोवळी झाडे अर्धवट कापून वाकवली होती आणि फांद्यांत काटे गुंतवले होते. भिंतीसारख्या त्या कुंपणांतून घोडेस्वारांना जाता तर येत नव्हतेच, पलीकडचे दिसतही नव्हते. हे सीझरने स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणजे कुंपण ही काही नुसती शेतीची वस्तू नाही. ज्याच्या हाती असेल त्याचे ते हत्यार.

इंग्लंडात पुष्कळ गावांभोवती एके काळी गायरान असे. त्याला तिकडे कॉमन म्हणतात. गरिबाची गाय तिथे चरे, त्याची बायको तिथून सरपण आणी. शेतेही मोकळी असत, कापणी झाली की सगळ्यांची जनावरे त्यांत फिरत. पुढे लोकरीला भाव आला. जमीनदारांना मेंढ्यांसाठी कुरणे हवी झाली. त्यांनी मोकळ्या जमिनीला चर खणले, कडेने हॉथॉर्न लावले आणि म्हटले, हे आमचे. आपल्याकडे म्हण आहे, कुंपणच शेत खाते. तिथे कुंपणाने सबंध गायरान खाल्ले.

१६०७ साली नॉर्थॅम्प्टनशायर, वॉर्विकशायर आणि लेस्टरशायर ह्या भागांतले लोक उठले. कुदळी-फावडी घेऊन निघाले, कुंपणे उपटली, चर बुजवले. त्यांचा पुढारी जॉन रेनल्ड्स. लोक त्याला कॅप्टन पाउच म्हणत, म्हणजे आपल्या बोलीत चंचीवाला कप्तान. ह्या चंचीत असे काही आहे की तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही, असे तो लोकांना सांगे. ८ जून १६०७ ला न्यूटन गावाजवळ जमीनदारांच्या माणसांनी लोकांवर हल्ला केला. चाळीसच्या वर माणसे ठार झाली. कप्तान पकडला गेला, फाशी गेला. चंची उघडून पाहिली तर आत चीजचा एक तुकडा. आम्हाला त्या माणसाचे हसू येत नाही. उपाशी माणसांना धीर द्यायला त्याच्याजवळ तेवढेच होते.

पुढे हे काम कायद्यानेच झाले. १६०४ पासून १९१४ पर्यंत तिथल्या पार्लमेंटने जमिनी बंदिस्त करायचे ५,२०० हून जास्त कायदे केले. त्यांत ६८ लाख एकर जमीन आली, इंग्लंडच्या पाचव्या हिश्शाएवढी. आज आगगाडीतून दिसणारी तिथली सरळ रेषेतली पुष्कळशी कुंपणे ह्या कायद्यांची. त्यातली कित्येक लावली आणि निजवली कोणी? ज्यांची गाय चरायची बंद झाली, त्याच मजुरांनी. कुंपणातले लाकूड मोडून चुलीला नेणे हाही गुन्हा ठरला. त्यासाठी बायकापोरांना शिक्षा झाल्या.

आपल्या देशातही कुंपणाने गरिबाला गाठले आहे. इंग्रजांनी मिठावर जबर कर बसवला. स्वस्त मीठ चोरून पलीकडून येऊ नये म्हणून देश आडवा कापणारी जकातीची हद्द आखली. १८६९ च्या सुमारास ती २,३०० मैल लांब होती आणि तिच्यावर १२,००० माणसे पहारा करत. ह्या हद्दीवर काट्यांचे कुंपण घातले. आधी मेलेल्या काट्यांचे घालून पाहिले. वाळवीने खाल्ले, वणव्यात जळले, वाऱ्याने उडवले. आपलीच कथा! मग बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर अशी जिवंत झाडे दाट लावली. हे निजवलेले कुंपण नव्हते, पण काही ठिकाणी दहा-बारा फूट उंच होते. पंजाबकडून निघून ते पार बुऱ्हाणपूरपर्यंत, खानदेशाच्या उंबऱ्यापर्यंत आले होते. त्या खात्याचे मुख्य काही वर्षे ह्यूम साहेब होते. पुढे १८८५ साली राष्ट्रीय सभा स्थापन करण्यात पुढाकार घेतला तेच हे. १८७९ साली ही हद्द उठली आणि कुंपण लोकांनी चुलीत घातले, नांगराखाली घातले, विसरून गेले.

इंग्लंडातली कुंपणे मात्र राहिली, आणि काळाने त्यांची गोष्ट उलटी केली. १८७४ साली अमेरिकेत जोसेफ ग्लिडन ह्याने काटेरी तारेचे पेटंट घेतले. तार स्वस्त, कोणालाही ठोकता येते. १९४५ साली महायुद्ध संपल्यावर मोठे ट्रॅक्टर आले, त्यांना मोठी शेते हवी. कुंपणे उपटायला काही वर्षे सरकारकडून पैसेही मिळत. तेव्हापासून तिथली निम्म्याच्या आसपास कुंपणे गेली. उरली त्यांना यंत्राची फिरती पाती दर वर्षी एकाच उंचीवर झोडपू लागली. त्याने वरून आकार राहतो, बुडाशी कुंपण पोकळ होत जाते. आणि कुंपणाबरोबर काय काय जाते, तेही कळू लागले. पाखरांची घरटी, मधमाश्यांची फुले, जाहक, पावसात वाहून जाणारी माती.

मग लोक जागे झाले. ही कला मरू नये म्हणून १९७८ साली नॅशनल हेजलेइंग सोसायटी स्थापन झाली. ती शिकवते आणि दर वर्षी शर्यती भरवते. १९९७ साली कायदा झाला, की इंग्लंड आणि वेल्समध्ये शेतावरचे जुने मोठे कुंपण परवानगीवाचून उपटायचे नाही. २०२४ साली इंग्लंडात आणखी नियम झाला. १ मार्च ते ३१ ऑगस्ट, काही अपवाद सोडले तर, शेतावरचे कुंपण छाटायचे नाही, कारण तेव्हा पाखरे घरट्यांत असतात. ज्या कुंपणांवरून एके काळी माणसे मेली, ती आज राखावीत म्हणून कायदे होतात.

ही सगळी हकीकत आम्ही मावशींना सांगितली. त्यांनी नीट ऐकली आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्या शेळ्यांचं काय, ते तुम्ही सांगितलंच नाही."

नाही सांगितले, कारण सगळे उत्तर आमच्याजवळ नाही. पण वर्गात त्यावर पुष्कळ बोलणे झाले, आणि दोन गोष्टी ठरल्या. ज्यांना बांधावर जिवंत कुंपण करायचे आहे, त्यांनी ते आपल्या पिकाभोवती करावे. गायरानाकडे जाणारी वाट त्यात घ्यायची नाही. वाट किती हात रुंद सोडायची, हे ग्रामसभेत बोलून ठरवायचे, कागदावर लिहायचे, आणि आता वाचता येते तर प्रत्येकाने ते वाचून मगच सही करायची. दुसरी गोष्ट परसातल्या गिरिपुष्पाची. त्याचा पाला शेळ्या खातात. छाटणीचा पाला मावशींनी न्यावा.

परसातली ओळ अजून बरीच बाकी आहे. शेजाऱ्यांनी निजवलेली ती दोन खोडे जाऊन बघा, बुडाशी बोटाएवढे धुमारे आले आहेत. येत्या रविवारी सकाळी सात वाजता उरलेल्या खोडांना हात घालायचा आहे. मावशी आपला कोयता घेऊन येणार आहेत. ज्यांना यायचे आहे त्यांनी आपापला आणावा, आणि घरूनच पाजवून आणावा. आमच्याकडे दगड एकच आहे.